आठवी भारतीय पायदळ डिव्हिजन

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेत लढलेली ब्रिटिश-भारतीय लष्कराची डिव्हिजन. उभारणी ऑक्टोबर १९४० मध्ये मेरठला झाली. लाल कापडावर तीन पिवळी फुले हे तिचे चिन्ह. पहिले सेनापती मेजर जनरल चार्ल्स हार्वी. १९४३ च्या सुरुवातीपासून युद्ध संपेपर्यंत मेजर जनरल डडली रसेल.

डिव्हिजन म्हणजे कायम एकत्र राहणाऱ्या पलटणींचा संच, अशी समजूत असते. ती इथे लागू पडत नाही. ऑगस्ट १९४१ मध्ये ही डिव्हिजन इराणमध्ये शिरली तेव्हा तिच्याकडे १८, २४ आणि २५ क्रमांकाच्या ब्रिगेड, म्हणजे पलटणींचे गट, होत्या. यांतली १८ वी पुढे इजिप्तला गेली आणि १ जुलै १९४२ रोजी देर-एल-शीनला जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्यापुढे नष्ट झाली. इटलीत उतरलेल्या ब्रिगेड वेगळ्याच होत्या: १७, १९ आणि २१. टिकून राहते ते मुख्यालय, तोफखान्याची आखणी, रसद आणि कामाची पद्धत.

इटलीतील रचना अशी. प्रत्येक ब्रिगेडमध्ये तीन पलटणी, एक ब्रिटिश आणि दोन भारतीय किंवा गुरखा. १७ व्या ब्रिगेडमध्ये रॉयल फ्यूझिलिअर्सची पहिली, फ्रंटियर फोर्स रेजिमेंटची पहिली आणि पाचव्या रॉयल गुरखा रायफल्सची पहिली पलटण होती. १९ व्या ब्रिगेडमध्ये आधी एसेक्स आणि १९४४ पासून आर्गाइल हायलँडर्स, त्यांच्यासोबत ३/८ पंजाब आणि ६/१३ फ्रंटियर फोर्स रायफल्स. २१ व्या ब्रिगेडमध्ये रॉयल वेस्ट केंट, ३/१५ पंजाब आणि १/५ मराठा लाइट इन्फन्ट्री. १/५ अशा अपूर्णांकाचा अर्थ ‘पाचव्या रेजिमेंटची पहिली पलटण’ असा. पायदळामागे पंचवीस-पौंडी तोफांच्या तीन रेजिमेंट, म्हणजे एकूण ७२ तोफा. रणगाडाविरोधी तोफांची रेजिमेंट आणि मशिनगन पलटण या दोन्ही मराठ्यांच्याच होत्या, त्यामुळे डिव्हिजनमधला मराठी वाटा १/५ या एका पलटणीपेक्षा बराच मोठा होता. टेहळणीला सहावी लान्सर्स, बांधकामाला सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, तीन फील्ड कंपन्या आणि एक फील्ड पार्क कंपनी.

या सॅपर कंपन्या शेवटी लिहिल्या जातात, पण इटलीत डिव्हिजनचे यशापयश त्यांच्यावरच ठरत असे. एड्रियाटिक किनाऱ्याकडे धावणाऱ्या नद्या एकामागून एक आडव्या येतात: बिफर्नो, त्रिन्यो, सांग्रो, मोरो. पायदळ रात्री पाण्यातून किंवा होडीतून पलीकडे जाऊ शकते. पण रणगाडे आणि रणगाडाविरोधी तोफा पोचल्या नाहीत, तर उजाडताच शत्रूचे रणगाडे त्याला मागे लोटतात. नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस सांग्रोपलीकडच्या मोत्साग्रोन्या गावात नेमके हेच झाले. १७ वी ब्रिगेड रात्री गावात शिरली, मागची वाहने वाटेतच अडकली, सकाळी आग ओकणारे जर्मन रणगाडे चालून आले आणि गाव सोडावे लागले. ते पुढच्या रात्री पुन्हा जिंकावे लागले.

उपाय होता बेली पूल, म्हणजे सुट्या चौकटी जोडून जागेवरच उभारायचा पूल. त्याची एक चौकट सुमारे ३ मीटर लांब आणि २६० किलोच्या आसपास वजनाची. सहा जण ती उचलतात. चौकटी खिळीने जोडत पूल अलीकडच्या काठावर रुळांवर उभा करायचा आणि पुढे हलक्या सांगाड्याची ‘नाक’ लावून पलीकडे ढकलायचा. त्यासाठी काठावर पुलाच्या रेषेत सरळ मोकळी जागा लागते. डिसेंबर १९४३ मध्ये मोरो नदीवर ती नव्हती, कारण रस्ता काठालाच झटकन वळत होता. तेव्हा सॅपर्सनी सगळे सामान शत्रूच्या बाजूला नेले आणि तिकडून पूल आपल्या काठाकडे ढकलला. त्याला ‘अशक्य पूल’ हे नाव पडले.

११ मे १९४४ ची गारी नदी ही या कौशल्याची सर्वांत कठीण परीक्षा. रात्री ११ वाजता तोफखाना सुरू झाला आणि पाऊण तासाने होड्या पाण्यात पडल्या. पात्र अरुंद, पण धार इतकी जोरकस की अनेक होड्या वाहून गेल्या. धूर आणि धुके यांत दिशा चुकल्या. तरीही सकाळपर्यंत ‘ऑक्सफर्ड’ पूल उभा राहिला. दुसऱ्या, ‘प्लिमथ’ पुलासाठी वेगळीच युक्ती केली: जोडलेला पूल बुरुज काढलेल्या शर्मन रणगाड्यावर ठेवला, मागून दुसऱ्या रणगाड्याने आधार दिला आणि पुढचा रणगाडा सरळ नदीत उतरवला. कॅनडाचे रणगाडे या दोन पुलांवरून पार झाले. त्यातले बरेच मऊ मातीत रुतले, पण जे सुटले त्यांनी पायदळाला वाचवले. शेजारच्या ब्रिटिश चौथ्या डिव्हिजनला त्या दिवशी एकही पूल मिळाला नाही आणि तिची माणसे काठाच्या चिंचोळ्या पट्टीत अडकून पडली. याच लढाईत ३/८ पंजाबच्या अवघ्या १९ वर्षांच्या शिपाई कमल राम यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मिळाला.

पुढे डिव्हिजन फ्लोरेन्सपर्यंत गेली आणि मग आपेनाइन डोंगरात शिरली. तिथे पुलांपेक्षा खेचरे महत्त्वाची ठरली, कारण रस्ते संपत तिथून दारूगोळा त्यांच्याच पाठीवर चढे. नोव्हेंबर १९४४ मध्ये सान बार्तोलो डोंगरावर गुरखा पलटणीच्या थमन गुरुंग यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. डिसेंबरअखेर सेर्क्यो खोऱ्यात अमेरिकी ९२ वी डिव्हिजन मागे हटली, तेव्हा याच डिव्हिजनच्या १९ आणि २१ व्या ब्रिगेडने ती फळी सावरली.

९ एप्रिल १९४५ ची सेन्यो नदी वेगळी होती. इथे अडचण पाण्याची नव्हती, बांधांची होती. दोन्ही काठांवर उंच मातीचे पूर-बांध होते आणि जर्मनांनी त्यांच्या पोटातच मोर्चे खणलेले. बांधाच्या आतल्या उतारावर सरळ मारा करणाऱ्या तोफेचा गोळा पोचत नाही. म्हणून आधी विमाने, मग दीर्घ तोफमारा आणि शेवटी आग फेकणारी वाहने असा क्रम ठेवला होता. तरीही पलीकडच्या बांधावर १/५ मराठ्यांची एक तुकडी जवळजवळ संपली. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगपट्ट्यातून सुखरूप आणले, मग तीन मशिनगन मोर्चे नष्ट केले आणि बांधावर चढून मराठ्यांची रणघोषणा देत मागच्या कंपन्यांना हाक दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी ६/१३ चे अली हैदर यांनीही हा सन्मान मिळवला. डिव्हिजनचे चार व्हिक्टोरिया क्रॉस असे.

यानंतर सांतेर्नो, पो आणि आदिजे या नद्या झपाट्याने ओलांडल्या गेल्या. २ मे १९४५ रोजी इटलीतील युद्ध थांबले आणि त्याच वर्षी डिव्हिजन भारतात परतली. हा क्रमांक १९६३ मध्ये उभारलेल्या आठव्या माउंटन डिव्हिजनला पुन्हा मिळाला.