शिपिंग बिल आणि बिल ऑफ लेडिंग: नावात बिल, पण देयक एकही नाही

वाशीतल्या एका निर्यात कंपनीत डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर मी नुकती बसायला लागले होते. अकाउंट्सच्या काकांनी एक कागद वर धरून विचारलं, "अगं, हे शिपिंग बिल कुणाला पेड करायचं? लाइनला की सीएचएला?" (लाइन म्हणजे जहाज कंपनी, सीएचए म्हणजे आपल्या वतीने कस्टम्सचं काम करणारा एजंट.) मी छातीठोकपणे सांगितलं, "लाइनला." शेजारच्या टेबलावरची सीनियर तोंडावर रुमाल धरून हसत होती. शिपिंग बिल कुणालाच पेड करायचं नसतं. काका त्याला जहाजाचं भाडं समजत होते आणि मी बिल ऑफ लेडिंग.

घोळ नावाचाच आहे. ज्याच्या नावात 'शिपिंग' आहे त्याचा जहाज कंपनीशी थेट संबंध नाही; ते कस्टम्सचं. जहाज कंपनी जे देते ते बिल ऑफ लेडिंग, आमच्या बोलण्यात बीएल. हापूसच्या पेट्या विमानाने दुबईला गेल्या तरी कस्टम्सला शिपिंग बिलच भरावं लागतं. बीएल मात्र तिथे नसतं, एअर वे-बिल असतं.

जुन्या लोकांना बिल्टी आठवत असेल. गावाहून माल रेल्वेने यायचा, बिल्टी बँकेत यायची, पैसे भरून ती सोडवली की ती दाखवून गुड्स शेडमधून माल उचलायचा. बीएल म्हणजे समुद्रावरची बिल्टी. शिपिंग बिल त्यापेक्षा जकात नाक्याच्या जवळचं: माझ्याकडे अमुक माल आहे, एवढ्या किमतीचा आहे, अमुक ठिकाणी चाललाय, असं आपणच लिहून द्यायचं आणि पुढे सोडा म्हणायचं.

हे लिहून देणं सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ५० खाली होतं, आता कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर ऑनलाइन. बहुतेक वेळा आपल्या वतीने सीएचए भरतो. आधी तो चेकलिस्ट, म्हणजे शिपिंग बिलाचा मसुदा, पाठवतो. ती नीट वाचणं हे आमचं अर्धं काम. आयईसी (निर्यातदाराचा नंबर), एडी कोड (आपल्या बँकेचा), एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा), इन्व्हॉइस नंबर, एफओबी किंमत (जहाजावर चढेपर्यंतची), ड्रॉबॅक किंवा रोडटेप (निर्यातीवर सरकार परत देतं ते शुल्क-कर) घ्यायचंय की नाही. सरकारकडून जे पैसे परत यायचे असतात ते सगळे या कागदावर उभे असतात. आयजीएसटी भरून माल पाठवला असेल तर रिफंडचा वेगळा अर्जसुद्धा नसतो, शिपिंग बिल हाच अर्ज. इन्व्हॉइस नंबर जीएसटी रिटर्नमध्ये एक आणि इथे दुसरा पडला की 'एसबी००५' हा एरर येतो. तो दिसला की ऑफिसात सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

शिपिंग बिल भरलं म्हणजे माल सुटला असं नव्हे. कस्टम्स अधिकारी कलम ५१ खाली 'लेट एक्स्पोर्ट ऑर्डर' (एलईओ) देतो, तेव्हा सुटला. न्हावा शेवाच्या फाइलवर दिवसभर एकच प्रश्न फिरतो: "एलईओ झाला का?" कांदेवाल्यांना या प्रश्नाचं मोल विचारा. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर अचानक ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. कलम १६ प्रमाणे शुल्काचा दर ठरतो तो माल सोडण्याचा हुकूम ज्या दिवशी होतो त्या दिवसाचा. सौदा महिन्याभरापूर्वीचा असो की शिपिंग बिल आदल्या दिवशी भरलेलं असो, एलईओ झाला नसेल तर नवा दर. बीएलच्या तारखेला या हिशेबात जागाच नाही.

बीएलच्या तारखेला किंमत असते ती बँकेत. कंटेनर जहाजावर चढल्यावर लाइन 'शिप्ड ऑन बोर्ड' अशी तारीख घालून बीएल देते. एलसीत, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीत, शिपमेंटची शेवटची तारीख २० असेल आणि जहाज उशिरा लागून ऑन बोर्ड २२ ला झालं, तर माल कितीही उत्तम असो, बँक डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, काढते. मग कुणीतरी दबक्या आवाजात लाइनला फोन करतं, "तारीख जरा मागची टाकता येईल का?" असली तारीख म्हणजे सरळ खोटा दस्तऐवज. त्यापेक्षा खरेदीदाराकडून एलसीची दुरुस्ती मागावी, कितीही जिवावर आलं तरी. बीएल हातात आल्यावरही निवांत बसता येत नाही. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे शिपमेंटपासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत द्यायचे, आणि एलसीत त्याहून कमी मुदत असेल तर तेवढ्यात.

बीएल तीन कामं करतं: माल मिळाल्याची पोच, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालाच्या हक्काचा दस्तऐवज. तिसरं काम शिपिंग बिलाला कधीच जमणार नाही. 'टू ऑर्डर' असलेलं बीएल पाठीमागे सही-शिक्का करून दुसऱ्याच्या नावे करता येतं, म्हणजे माल समुद्रात असतानाच विकता येतो. मूळ प्रती सहसा तीन निघतात. एकीवर माल सुटला की उरलेल्या दोन निकामी. म्हणून मूळ बीएल हरवलं तर हमीपत्र, बँक गॅरंटी, लाइनच्या ऑफिसात हेलपाटे, सगळं नशिबी येतं. शिपिंग बिलाची प्रिंट हरवली तर? पीडीएफ पुन्हा काढायची, चहा प्यायचा. बीएलबद्दलचा आपला कायदा परवापरवापर्यंत १८५६ चा होता. २०२५ मध्ये नवा आला.

दुबईच्या जेबेल अली बंदराला जहाज आठवड्याच्या आत पोचतं आणि बँकेतून फिरणारे कागद मागे राहतात. त्यामुळे जुन्या, विश्वासू खरेदीदारासाठी बीएल इथेच सरेंडर करून टेलेक्स रिलीज देतात, म्हणजे मूळ कागदाशिवाय तिथे माल सोडायचा निरोप. पैसे अजून यायचे बाकी असतील तर देऊ नये, एवढंच म्हणेन.

वेगवेगळ्या घरचे हे दोन कागद भेटतात ईजीएममध्ये. जहाज सुटल्यावर काय काय चढलं याची यादी कस्टम्सकडे भरली जाते, ती ईजीएम. कस्टम्सची सिस्टीम ती शिपिंग बिलाशी ताडून बघते. जुळलं तर माल खरोखर देशाबाहेर गेला असं धरतात आणि रिफंड पुढे सरकतो.

माझा पहिला दणका इथेच बसला. सांगलीची हळद पावडर, वीस फुटी कंटेनर, २५ किलोच्या ६४० गोण्या. कंटेनर भरायला घेताना छताला भोक दिसलं, म्हणून ट्रान्सपोर्टरने दुसरा आणला. पॅकिंग लिस्टवर कुणीतरी पेनने नवा नंबर लिहिला. मी ड्राफ्ट बीएलवर तो नीट दुरुस्त करून घेतला आणि स्वतःवरच खूश झाले. सीएचएला सांगायचं राहिलं. शिपिंग बिलावर भोकवालाच कंटेनर. बीएल बिनचूक असल्याने खरेदीदाराचे पैसे वेळेवर आले, त्यामुळे कुणाला काही कळलंच नाही. दोन महिन्यांनी काका विचारायला आले, "हळदीचा रिफंड कुठाय गं?" मग दुरुस्तीचा अर्ज, बीएलची प्रत, लाइनचं पत्र, कस्टम्स हाउसच्या चकरा.

तेव्हापासून कंटेनर भरून सील लागलं की दाराचा फोटो मागवते, नंबर आणि सील दोन्ही दिसेल असा. चार अक्षरं, सात आकडे. फोटोवरून आधी चेकलिस्ट तपासायची, मग ड्राफ्ट बीएल. ड्रायव्हर फोटो पाठवतात, पण निम्म्या वेळा त्यात अंगठाच जास्त असतो.