गिरिह

गिरिह : इराणी वास्तुशोभनातील भौमितिक जाळीची रचना. तारे व बहुकोन यांना गुंफत जाणाऱ्या सलग पट्ट्यांनी ती सिद्ध होते. वीटकाम, गिलावा, लाकूड व झिलईच्या फरशा या सर्व माध्यमांत ती आढळते.

तिच्या घडणीत गणितज्ञांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत. खोरासानात जन्मलेला व बगदादला स्थायिक झालेला गणिती अबुल वफा बूझजानी (९४०–९९८) याने कारागिरांना लागणाऱ्या भौमितिक कृतींवर ग्रंथ लिहिला. तीन समान चौरस कापून त्यांचा एक चौरस करण्याची कारागिरांची रीत डोळ्यांना पटली, तरी सिद्धतेला उतरत नाही, असे तो दाखवून देतो. यावरून दोन्ही वर्गांत संवाद होता एवढे निश्चित; नक्षीचे श्रेय गणितज्ञांना देण्यास हा पुरावा अपुरा वाटतो.

आखणीचा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. कंपास व पट्टीने थेट रेषा आखल्या जात, हे जुने मत. पीटर लू व पॉल स्टाइनहार्ट यांनी २००७ मध्ये वेगळी उपपत्ती मांडली : सु. १२०० पासून दशकोन, पंचकोन, लांबट षट्कोन, समभुज चौकोन व डमरूसारखा षट्कोन असे पाच समान बाजूंचे तुकडे जुळवून नक्षी साधली जाई. या तुकड्यांचे सर्व कोन ३६ अंशांच्या पटीत असतात. पट्टीच्या रेषा प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूतूनच जात असल्याने शेजारच्या तुकड्यात त्या आपोआप जुळतात. इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयातील नमुन्यांच्या गुंडाळीत (पंधराव्या शतकाची अखेर वा सोळावे शतक) अशा तुकड्यांच्या कडा काही ठिकाणी लाल ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. त्याच गुंडाळीत शाई न वापरता टोकदार हत्याराने कोरलेल्या, कंपास व पट्टीच्या आखणीच्या रेषाही आहेत. तेव्हा दोन्ही पद्धती सोबत चालत असाव्यात.

इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम (१४५३) येथील नक्षी गणिती रॉजर पेनरोज यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनावर्ती (ठरावीक अंतराने जशीच्या तशी पुन्हा न येणाऱ्या) रचनेच्या जवळ जाते, असाही या दोघांचा दावा होता. मरागा येथील गुंबद-ए-कबूद (सु. ११९७) या वास्तूविषयी एमिल माकोव्हिकी यांनी १९९२ मध्येच तसे सुचवले होते. मर्यादित भिंतीवरून अनंत रचनेचा नियम ठरवणे कठीण असल्याने हा दावा सावधपणे घ्यावा लागतो.

दख्खनमध्ये इराणी फरशीकाम बहमनी काळात आले. बीदरच्या महमूद गावानच्या मदरशावर (१४७२) ते अंशतः टिकून आहे. मिनारावरील नागमोडी पट्टे मात्र साधे असून गिरिह या प्रकारात मोडत नाहीत.