इंधन, उतार आणि वूड बंधू

ऑगस्ट 2024 मध्ये डेटोनाच्या शर्यतीत हॅरिसन बर्टनने पहिला नंबर काढला आणि वूड ब्रदर्स संघाचे नॅस्कार कप या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या मालिकेतले 100 विजय पूर्ण झाले. 1950 साली व्हर्जिनियातल्या स्टुअर्ट गावात ग्लेन वूड यांनी भावांना हाताशी धरून सुरू केलेला हा संघ आजही घरच्याच माणसांकडे आहे. शर्यत फक्त ट्रॅकवर जिंकली जाते असा आपला समज असतो. या भावांनी ती पिटमध्ये, म्हणजे गाडी टायर-इंधनासाठी थांबते तिथे, जिंकून दाखवली.

1965 ची इंडियानापोलिस 500 ही अमेरिकेतली 500 मैलांची मोटार शर्यत घ्या. आदल्या वर्षीच्या शर्यतीत आगीत दोन ड्रायव्हर गेले होते. म्हणून दाब देऊन इंधन भरायला बंदी आली. टाकी उंचावर ठेवायची आणि गुरुत्वाकर्षणाने येईल तेवढंच घ्यायचं. ड्रायव्हर जिम क्लार्कच्या लोटस गाडीला फोर्डचं इंजिन होतं. तिच्या पिटसाठी फोर्डने वूड बंधूंना बोलावलं.

टॉरिचेल्लीचा नियम सांगतो की तळाच्या भोकातून द्रव किती वेगाने पडेल हे वरच्या पातळीच्या उंचीवर ठरतं. उंची दीड मीटर असेल तर वेग सेकंदाला सुमारे 5.4 मीटर, पाणी असो की मिथेनॉलसारखं इंधन. मग उंची तीच असताना जास्त इंधन कसं येणार? ग्यानबाची मेख भोकाच्या कडेत आहे. कड धारदार असेल तर बाजूंनी आत येणारा द्रव एकदम वळू शकत नाही. तो भोकातून गेल्यावरही आत झुकत राहतो, धार आवळते आणि भोकाच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम 62 टक्के उरते. कड गोलाईदार केली की धार जवळजवळ पूर्ण भोक भरून वाहते. पुढे नळी हळूहळू रुंदावत नेली तर गळ्यापाशी दाब आणखी उतरतो आणि प्रवाह वाढतो. हीच व्हेंच्युरी. टाकीला तसं तोंड होतं आणि वूड बंधूंनी जोडांच्या आतल्या कडा घासून गुळगुळीत केल्या.

पेट्रोलच्या नळीला चुंबक लावून मायलेज वाढवून देणारे आपल्याकडेही भेटतात. पेट्रोलवर त्या चुंबकाचा काडीचाही परिणाम होत नाही. कानशीने घासलेल्या कडेचा मात्र मोजता येतो.

क्लार्कचे दोन्ही थांबे मिळून एक मिनिटही लागलं नाही आणि शर्यत त्यानेच जिंकली. नॅस्कारच्या पिटमध्ये आजही पंप नसतो. खांद्यावरचा कॅन गाडीच्या तोंडाशी उपडा धरतात आणि इंधन आपल्याच वजनाने उतरतं.