कात की कलेवर?

सकाळी टाकीचा दिवा लावला आणि तळाशी पांढुरकी, आडवी पडलेली चेरी श्रिम्प (काचेच्या टाकीत पाळतात ती छोटी लाल कोळंबी) दिसली, की नवखा माणूस घाबरून अर्धं पाणी बदलून टाकतो. बहुतेक वेळा ती श्रिम्प नसतेच, तिने टाकलेली कात असते. मोठी श्रिम्प साधारण 3 ते 4 आठवड्यांनी कात टाकते, पिल्लं तर आठवड्याच्या आत-बाहेर. म्हणजे 30 मोठ्या श्रिम्पच्या टाकीत सरासरी रोज एक कात पडणारच.

फसायला होतं, कारण मिशांपासून पायांपर्यंत सगळं कातीत जसंच्या तसं उमटलेलं असतं. आधी डोळे बघा. कातीत डोळ्यांच्या जागी आरपार दिसणारी रिकामी टोपणं असतात; मेलेल्या श्रिम्पचे डोळे काळेच राहतात. मग पाठ बघा. डोक्यावरचं कवच आणि पोटाचं पहिलं वलय जिथे जुळतं तिथे कात उसवलेली असते, कारण श्रिम्प त्याच फटीतून झटका देऊन बाहेर पडते. तरी शंका राहिली तर ड्रॉपरने पाण्याचा हलका झोत सोडा. कात प्लास्टिकच्या कागदासारखी उडते, मेलेली श्रिम्प जडपणे कलंडते.

रंगाचं काय? लाल रंग कवचात नसतो, त्याखालच्या त्वचेत असतो. म्हणून लालभडक मादीची कातही जवळजवळ बिनरंगी निघते. मेलेलीचं अंग मात्र आधी दुधाळ आणि मग नारिंगी-गुलाबी होतं. कढईत पडलेली कोळंबी रंग बदलते, त्यातलाच हा प्रकार: रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं, प्रथिन बिघडलं की ते सुटं होतं. तिथे आचेने, इथे कुजण्याने. अर्थात नुकत्याच मेलेलीचा रंग तासन्‌तास तसाच राहतो, तेव्हा एकट्या रंगावर भिस्त नको. इतर श्रिम्प जमल्या, हीही खूण नव्हे; त्या दोन्हींवर सारख्याच तुटून पडतात. आणि कात टाकल्यावर मऊ पडलेली श्रिम्प झाडांत निपचित बसते, तिला काडीने ढोसू नका.

कात टाकीतच राहू द्या. त्यातलं कॅल्शियम श्रिम्प ती खाऊन परत मिळवतात. मेलेली मात्र दिसताक्षणी काढा आणि पाण्यातले अमोनिया व नायट्राइट (कुजण्यातून होणारे विषारी पदार्थ) तपासा. दोन्ही शून्यच हवेत.

या दोन्हींच्या मध्ये एक वाईट प्रकार आहे: अडकलेली कात. जिवंत श्रिम्पच्या डोक्यामागे अंगाभोवती पूर्ण गोल पांढरं कडं दिसतं. कवच पाठीवर उसवण्याऐवजी सगळीकडून तडकलेलं असतं, आणि अशी श्रिम्प क्वचितच वाचते. कारण बहुधा पाण्यात सापडतं. चेरीला जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) 6 ते 8, केएच (कार्बोनेटचा कठीणपणा) 2 ते 5 आणि टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) 150 ते 250 मानवतं, पण आकड्यापेक्षा तो स्थिर असणं महत्त्वाचं. पालिकेच्या पाण्यात कधी टँकरचं, कधी बोअरचं पाणी मिसळणाऱ्या सोसायटीत नळाचा टीडीएस आठवड्यागणिक बदलतो. तिथे दर वेळी मोजल्याशिवाय पाणी घालू नये. आठवड्याला 10 टक्केच बदला, तेही बारीक नळीतून थेंबाथेंबाने. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी आरओचंच भरा, कारण वाफ उडते, क्षार मागे राहतात.

पोटाखाली अंडी असताना मादीने कात टाकली तर अंडी कातीबरोबरच जातात. नुकतीच कात टाकलेली मादी पाण्यात गंध सोडते, त्यामुळे सगळे नर एकदम सैरावैरा पोहू लागतात. ते विषबाधा झाल्यासारखं दिसतं. पाण्याला हात लावण्याआधी तळाशी ताजी कात आहे का, ते शोधा.