दगडातलं ‘झाड’ हे झाड नव्हे
फरशी फोडली आणि आत काळी, फांद्याफांद्यांची नक्षी निघाली की आमच्या बेळगावकडे अजून म्हणतात, ‘जुन्या काळचं झाड दगड झालं!’ तसं नाही. दगडाच्या बारीक भेगांतून पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज आणि लोह साचून ती नक्षी उमटते. पानाला शिरा असतात, हिला नसतात.

खरे जीवाश्म आपल्याकडे आहेतच. गोकाक तालुक्यात घटप्रभेच्या जुन्या गाळात गेंड्याचे अवशेष सापडले. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७४ साली त्यांचं वर्णन छापलं. आणि हे फक्त शास्त्रज्ञांचंच काम नाही. जबलपूरला १८२८ मध्ये डायनोसॉरची हाडं मिळाली ती स्लीमन या लष्करी अधिकाऱ्याला. म्हणून नदीकाठी हाड दिसलं तर कृपा करून उपटू नका, आधी जागेवर फोटो काढा. कुठल्या थरात होतं, यावरूनच त्याचं वय ठरतं.