गर्भाशयमुख तपासणीची नमुना-साधनं

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची शक्यता आधीच हेरायला तिथल्या पेशी खरवडून घेतात, त्यासाठीचे स्पॅच्युला आणि ब्रश.

पहिलं साधन कुणाचं यावर वाद आहे. रुमानियाच्या ऑरेल बाबेश यांनी साधारण १९२७ मध्ये प्लॅटिनमच्या तारेच्या फासाने थेट मुखावरूनच पेशी घेतल्या, तर अमेरिकेतले जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९२८ मध्ये जे मांडलं त्यात पिपेटने योनीतला स्राव ओढलेला, म्हणजे नमुन्याची जागाच वेगळी. रुमानियात आजही बाबेशांचं नाव आधी घेतात आणि नुसतं साधन बघितलं तर त्यांचंच पारडं जड वाटतं, पण पापानिकोलाऊंची स्टेनिंग (पेशी रंगवण्याची) पद्धत आणि स्त्रीरोगतज्ज्ञ ट्राउट यांच्यासोबतचं १९४३ चं पुस्तक जगभर गेलं, त्यामुळे टेस्ट झाली 'पॅप'. लाकडी स्पॅच्युला मात्र कॅनडाच्या अर्नेस्ट एअर यांचा, १९४७ चा.

एअरचं टोक आखूड, त्यामुळे पाळी गेलेल्या बाईत जिथे बदलाचा पट्टा (आतल्या-बाहेरच्या पेशी जिथे मिळतात आणि कॅन्सर बहुधा जिथे सुरू होतो तो भाग) आत सरकलेला असतो तिथपर्यंत ते पोचतच नाही. लांब टोकाचा स्पॅच्युला बरा, स्पॅच्युला आणि सायटोब्रश (मुखाच्या आत घालायचा बारीक ब्रश) मिळून त्याहून बरं. पण ब्रश पाव-अर्धा फेराच द्यायचा, जास्त फिरवला की रक्त येतं आणि स्लाइड बिघडते. ब्रूम (झाडूसारखा मऊ ब्रश) एकाच दिशेने पाच वेळा फिरवला की आतलं-बाहेरचं दोन्ही येतं, एलबीसीच्या (पेशी स्लाइडऐवजी द्रवात साठवायची पद्धत) बाटलीसाठी तोच सोयीचा. आतल्या पेशी दिसल्या नाहीत एवढ्यावरून बेथेस्डा पद्धतीत (रिपोर्ट लिहिण्याची ठरलेली पद्धत) स्मिअर, म्हणजे तपासायचा पेशींचा नमुना, बाद होत नाही, ही गोष्ट साधनांची तुलना करताना बरेच जण विसरतात.

साधन कितीही भारी असलं तरी डोक्यावर पंखा गरागरा फिरत असेल आणि स्लाइड लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेली नाही तर पेशी वाळतात, आणि नाव पेनाने लिहिलं तर तेही धुऊन जातं, पेन्सिलच हवी.

पुणे जिल्ह्यात मुळशी-मावळच्या पीएचसीसाठी (प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी) केंद्राच्या २०१६ च्या सूचना म्हणजे ३० ते ६५ वयात दर ५ वर्षांनी व्हीआयए (मुखाला अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी), म्हणजे कापूस, ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आणि चांगला उजेड, ब्रशचा प्रश्नच नाही. धाराशिवमधल्या (तेव्हाचं उस्मानाबाद) चाचणीत मात्र एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) टेस्टने मृत्यू जवळपास निम्मे झाले, व्हीआयए आणि स्मिअरने तसा ठोस फरक दिसला नाही (२००९). एचपीव्हीसाठी बाईने स्वतः घेतलेला स्वॅबही चालतो, पण त्याच्यावर स्मिअर वाचायचा नसतो.