कातडी भाजत नाही, उगवायची थांबते

‘लाइट घेतली आणि छाती भाजली.’ फोंडा-डिचोलीकडे स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. ‘लाइट’ म्हणजे किरणोपचार. पण ते भाजणं नव्हेच. किरणांची मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात; एक ग्रे म्हणजे किलोमागे एक जूल ऊर्जा. स्तनाला पाच आठवड्यांत मिळून 50 ग्रे मात्रा दिली, तर एक किलो ऊतीत फक्त 50 जूल ऊर्जा जिरते. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला साधारण 4,200 जूल लागतात, हे आपण शाळेत शिकलोय. म्हणजे सगळी मात्रा एका क्षणात दिली तरी तापमान जेमतेम एका अंशाच्या शंभराव्या भागाने वाढेल.

मग कातडी सोलवटते कशाने? बाह्यत्वचेच्या तळाशी पेशींचा एक थर अखंड विभागत असतो. तिथे जन्मलेली पेशी वर सरकत सरकत साधारण चार आठवड्यांत गळून पडते. किरण तळातल्या पेशींच्या डीएनएचे दोन्ही धागे तोडतात आणि अशी पेशी विभागायला गेली की मरते. वरच्या पेशींना विभागायचंच नसतं, त्यामुळे त्या टिकून राहतात. शेतात उभं भात हिरवंगार, पण पुढच्या लावणीचा तरवा मात्र करपलेला, अशी ही अवस्था. म्हणून पहिल्या आठवड्यात फारसं काही जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कातडी लाल होते, मग कोरडी होऊन तिचे पापुद्रे निघतात, कधी ओली होऊन पाझरते. आपल्या सावळ्या रंगावर लाली लपते आणि आधी काळपटपणाच दिसतो.

गाठ मोठी असेल किंवा छातीच्या भिंतीला चिकटली असेल, तर काही जणींना शस्त्रक्रियेआधी केमो आणि किरण एकाच वेळी देतात. केमोच्या औषधांपैकी कॅपेसिटाबीन शरीरात फ्लुरोयुरॅसिल बनतं आणि थायमिडिलेट सिंथेज हे विकर अडवतं. थायमिनचा पुरवठा आटतो, तुटलेला डीएनए सांधता येत नाही. पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध पेशींना नेमकं विभाजनाच्या उंबरठ्यावर, जी-टू आणि एम टप्प्यांत, अडकवून ठेवतं आणि किरणांचा घाव तिथेच सर्वांत खोल बसतो. हा सापळा गाठीसाठी रचलेला असतो, पण त्वचेच्या तळातल्या पेशीही विभागणाऱ्याच. त्यामुळे नुसत्या किरणांपेक्षा इथे कातडीला जास्त सोसावं लागतं.

काखेत आणि स्तनाखालच्या घडीत त्रास अधिक. एरवी या किरणांची पूर्ण मात्रा त्वचेच्या थोडं खाली पडते, पण घडीत कातडीवर कातडी टेकते आणि ती सवलत जाते. त्यात गोव्याचा दमटपणा, घाम, ब्राचं घर्षण. सैल सुती कपडे घालावेत. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवायला हरकत नाही; ‘पाणी लावू नका’ हा जुना धाक आहे.

‘अंगात उष्णता शिरली’ म्हणून सोललेल्या जागी हळद किंवा लिंबू चोळणं घातक आहे. देवळात कौल लावून उपचार मध्येच सोडणं तर त्याहून घातक, कारण खंड पडला की गाठीच्या उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. पाझर, ताप किंवा दुर्गंधी दिसली तर उपचार थांबवायचे की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या.

शेवटची मात्रा झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे त्रास वाढतो, नंतर तळाचा थर पुन्हा भरू लागतो. शस्त्रक्रियेला काही आठवडे थांबतात, त्याचं एक कारण हेच. पुढे महिन्यांनी डॉक्सोरुबिसिन किंवा जेमसिटाबीनसारखं औषध सुरू झालं, तर किरण घेतलेला नेमका तेवढाच भाग पुन्हा लाल होऊ शकतो. म्हणून नवं औषध सुरू करताना आधी कुठे आणि कधी किरण घेतले होते ते डॉक्टरांना सांगा, जुने कागद सोबत न्या.